विश्वाचे वय : मोजणी कशी होते आणि शंका कोणत्या



दहावी-बारावीची मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास विचारतात. विज्ञानाच्या पुस्तकात विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे असे वाचायला मिळते. घरी आलेला एखादा पाहुणा ठासून सांगतो की बायबलप्रमाणे जग सहा हजार वर्षांचे आहे. मोबाईलवर तिसराच कोणी म्हणतो, शास्त्रज्ञांचे आपसातच पटत नाही, तेव्हा त्यांचे काही खरे मानू नका. मग खरे धरायचे तरी काय? काही मुले हे उघड विचारतात. काही विचारत नाहीत, आणि हळूहळू वर्गाला येणे सोडतात. या दुसऱ्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. म्हणून हा विषय जरा सविस्तर घेत आहोत. थोडे गणित आहे, पण ते आपल्याच भागातल्या रस्त्यांचे आहे.

सुरुवात लाकडापासून करू. सागाचा ओंडका कापलेला दिसला की त्याच्या तोंडावरच्या कड्या आपल्यातली जुनी माणसे बोटाने मोजतात. पावसाळ्यात झाड भरभर वाढते, कोरड्या दिवसांत थांबते, आणि वर्षाला एक कडी उमटते. ते झाड उगवताना कोणी पाहिलेले नसते, तरी त्याचे वय आपण बेधडक सांगतो. एखादी कडी पुसट असेल तर दोन-चार वर्षांचा फरक पडेल, पण ऐंशी वर्षांचे झाड आठ वर्षांचे ठरणार नाही. (२०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'सारख्या वनातले साग कोणी मोजणीसाठी कापणार नाही. उभ्या झाडाच्या खोडातून पोकळ गिरमिटाने बारीक कांडी काढूनही कड्या मोजता येतात.) वय काढण्याच्या बहुतेक शास्त्रीय पद्धती याच जातीच्या आहेत. माहीत असलेल्या वेगाने चालणारी एखादी क्रिया शोधायची, ती किती झाली आहे ते मोजायचे, आणि भागाकार करायचा.

आता सिरोंच्याकडे चला. वडधमला झाडांचे दगड झालेले ओंडके जमिनीत पडलेले आहेत. तिथे कड्या मोजून भागत नाही. कड्या सांगतात ते झाड किती वर्षे जगले, ते पडून किती काळ झाला हे त्या सांगत नाहीत. याच सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीच्या परिसरात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९६० च्या आसपास एका प्रचंड डायनोसॉरची हाडे खणून काढली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून त्याला 'बारापासॉरस टागोराय' असे नाव मिळाले. सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. ज्या थरात तो सापडला त्याला प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून जगभर 'कोटा थर' म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाचे नाव परदेशातले विद्यार्थी वाचतात, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. या भागातले दगड अभ्यासणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होते. ते प्रवचनही करीत आणि दगडही गोळा करीत. त्यांचा व रेव्हरंड हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ साली लंडनमध्ये छापला गेला.

कोटा थराचे वय साधारण १६ ते १९ कोटी वर्षांच्या दरम्यान धरतात. ते कसे कळले? पुष्कळांना वाटते कार्बन पद्धतीने. तसे नाही. कार्बनचे घड्याळ फार लवकर संपते. त्यातला किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, आणि सुमारे ५०,००० वर्षांनंतर मोजण्याजोगा उरतच नाही. दगडांसाठी संथ घड्याळ लागते. युरेनियमचे हळूहळू शिसे होते, आणि युरेनियमचा मुख्य प्रकार निम्मा व्हायला ४४७ कोटी वर्षे लागतात. लाव्हा थिजताना तयार झालेल्या बारीक स्फटिकात युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले हे मोजले की स्फटिकाचे वय निघते. वाळू-चिखलाच्या थराला मात्र हे घड्याळ थेट लावता येत नाही, कारण त्यातले कण आधीच्या खडकांचे तुकडे असतात. म्हणून त्या थरातले मासे आणि परागकण जगात इतर कुठे सापडतात ते पाहतात, आणि तिथे वर-खाली ज्वालामुखीची राख असेल तर तिच्या वयाशी ताडतात. कोटा थराबद्दल अभ्यासकांत वाद आहेच. पण तो वाद एक-दोन कोटी वर्षे मागे-पुढे असा आहे. थर काही हजार वर्षांचा आहे असे त्या वादातला कोणीही म्हणत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आकाशाबद्दल बोलताना तिचा उपयोग होईल.

पृथ्वीचे वय १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्कापाषाणांतले शिसे मोजून ४५५ कोटी वर्षे काढले. ते आजही जवळपास तसेच टिकून आहे. आपल्या पूर्वेला बस्तरच्या भागात ३५० कोटी वर्षांहून जुने खडक मोजले गेले आहेत.

आता विश्वाकडे वळू. विश्व कापून कड्या मोजता येत नाहीत, आणि त्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणता येत नाही. इथे रस्त्याचे गणित उपयोगी पडते. समजा आलापल्लीच्या चौकातून सकाळी तीन गाड्या निघाल्या. एक सिरोंच्याकडे, एक आष्टीकडे, एक भामरागडकडे. कधी निघाल्या हे आपल्याला ठाऊक नाही. फोनवर कळले की पहिली ताशी ६० किलोमीटरने जात असून चौकापासून ६० किलोमीटरवर आहे, दुसरी ताशी ४० ने जाऊन ४० वर आहे, तिसरी ताशी ३० ने जाऊन ३० वर आहे. (सिरोंचा रस्त्यावर ताशी ६० हा वेग कागदावरच शोभतो, पण उदाहरणापुरता चालवून घ्या.) भागाकार केला की तिन्हींचे उत्तर एकच येते. सगळ्या एक तासापूर्वी, एकाच वेळी निघाल्या.

आकाशगंगांचे असेच दिसले. जी जितकी दूर, ती तितक्या जास्त वेगाने दूर जाते आहे. हे गणित १९२७ साली बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी छापले. लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढले, १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढे आयुष्यभर लुवेनच्या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी शिकवले. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणीतून केलेल्या मोजण्या मांडल्या आणि नाव त्यांचे झाले. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदान घेऊन या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली. १९३१ साली लमेत्र यांनी आणखी एक पाऊल टाकले. सगळे एकमेकांपासून दूर जात असेल, तर मागे जाता जाता कधीतरी सगळे एका ठिकाणी असणार. त्याला ते आदिम अणू म्हणत. आज आपण त्यालाच बिग बँग म्हणतो.

पण पहिला भागाकार फसला. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते. त्याच काळात दगडांवरून पृथ्वी त्याहून जुनी दिसू लागली होती. म्हणजे बस्तरचा दगड ज्या विश्वात आहे, त्या विश्वाहून तो दगडच वयाने मोठा! मुलगा बापापेक्षा मोठा निघाला तर जन्मदाखल्यात गडबड आहे हे कोणीही सांगेल. ही गडबड वीस-बावीस वर्षे सुटली नाही, आणि बिग बँगवर शंका घेणाऱ्यांचा हा मोठा आधार होता. शंका अगदी रास्त होती.

चूक अंतरात सापडली. दूरच्या टेकडीवर दिवा दिसला, तर तो किती दूर आहे हे नुसते पाहून कळत नाही. जवळचा मिणमिणता कंदील आणि दूरची पेट्रोमॅक्स सारखीच दिसू शकतात. दिव्याची मूळ ताकद माहीत असेल तरच अंतर निघते. हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी १९१२ साली दाखवले होते की सेफीड नावाचे काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात, आणि ज्याची ही फेरी लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे फेरी मोजली की दिव्याची ताकद कळली. हबल यांनी १९२३ साली देवयानी आकाशगंगेत असा तारा शोधला आणि तिचे अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे काढले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहरात दिवे मालवले जात. त्या काळोखात वॉल्टर बाडे यांना देवयानीतले तारे पूर्वी कधी दिसले नव्हते इतके स्पष्ट दिसले. त्यांच्या लक्षात आले की तारे दोन जातींचे आहेत, आणि दोन जातींच्या सेफीडांना आजवर एकच माप लावले गेले होते. हिशेब पुन्हा केला तेव्हा देवयानीचे अंतर दुपटीहून जास्त झाले. अंतर वाढले की भागाकार वाढतो, आणि विश्वाचे वयही दुप्पट झाले. बाडे यांनी हे १९५२ च्या सप्टेंबरमध्ये रोम येथे खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत सांगितले.

त्याच परिषदेच्या मंडळींसमोर पोप बारावे पायस यांचेही भाषण झाले, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. आदल्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी, पोप महोदयांनी परमपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना नव्या खगोलशास्त्राचे मोठे कौतुक केले होते. प्रकाश होवो ही देवाची पहिली आज्ञा जणू आता विज्ञानालाही दिसू लागली आहे, अशा अर्थाचे ते बोलणे होते. जगभर मथळे झाले. सर्वात जास्त आनंद लमेत्र यांना व्हायला हवा होता असे आपल्याला वाटेल. ते अस्वस्थ झाले. त्यांचे म्हणणे असे की माझा सिद्धांत हे भौतिकशास्त्र आहे. तो खरा ठरला तर देव सिद्ध होत नाही, आणि उद्या खोटा ठरला तर देव नाहीसा होत नाही. आस्तिक आणि नास्तिक दोघांनीही तो सारख्याच नजरेने तपासावा. व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर डॅनिएल ओकॉनेल यांच्याशी ते बोलले. १९५२ च्या भाषणात पोप महोदयांनी तो सूर पुन्हा लावला नाही. आम्हाला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. एका साध्या धर्मगुरूने आपल्या सिद्धांताला मिळालेली एवढी मोठी शाबासकी नम्रपणे बाजूला ठेवली, आणि ती बाजूला ठेवणे ऐकूनही घेतले गेले.

शंका घेणाऱ्यांत आपला मराठी माणूसही होता, आणि तो लहानसहान नव्हता. डॉ. जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी होते. विश्वाला सुरुवात नाही, ते नेहमी असेच आहे, प्रसरणामुळे जागा मोकळी होते आणि तिथे नवे द्रव्य निर्माण होत राहते, असा स्थिर स्थितीचा सिद्धांत हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडला होता. बिग बँग हा शब्दही हॉइल यांनीच १९४९ साली रेडिओवरच्या व्याख्यानात वापरला. ते स्वतः मात्र त्या मताचे नव्हते.

१९६५ साली या सिद्धांताला मोठा धक्का बसला. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारी एक मंद, थंड ऊब सापडली. तिचे तापमान उणे २७० अंशांच्या आसपास. तापलेली चूल विझल्यावर राखेत ऊब राहावी, तसे हे आरंभीच्या उष्ण अवस्थेचे अवशेष आहेत असे बहुतेकांनी मानले. लमेत्र तेव्हा आजारी होते. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले, त्याआधी ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. नारळीकरांनी मात्र हार मानली नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धांत पुढे आणला. त्यात विश्व फुगते, आकसते, पुन्हा फुगते, आणि पहिला क्षण असा नाहीच. त्या ऊबेचेही त्यांनी वेगळे स्पष्टीकरण दिले. त्यांचे म्हणणे खरे असेल तर १,३८० कोटींहून कितीतरी जुने तारे सापडायला हवेत, आणि तसे तारे शोधा असे ते स्वतःच सांगत. आजवर तसे निर्विवाद सापडलेले नाहीत, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी त्यांचा सिद्धांत स्वीकारला नाही. तरी १९८८ साली पुण्यात त्यांनी उभारलेल्या आयुका संस्थेत बिग बँग मानणाऱ्यांनाही मानाने जागा होती. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शंका कशी घ्यावी हे मुलांना शिकवायचे असेल तर आम्ही त्यांचे उदाहरण देऊ. "मला पटत नाही" एवढ्यावर ते थांबले नाहीत. पटत नसेल तर काय दिसायला हवे, हे त्यांनी सांगितले.

आजचा १,३८० कोटींचा आकडा मुख्यतः त्या थंड ऊबेच्या बारीक नकाशावरून येतो. युरोपच्या प्लँक उपग्रहाने तो नकाशा काढला, आणि २०१८ च्या अंतिम निकालात वय १,३७९ कोटी वर्षे, सुमारे दोन कोटी इकडे-तिकडे, असे निघाले. त्याशेजारी दुसरी, स्वतंत्र साक्ष ताऱ्यांची आहे. तारा आपले इंधन किती वेगाने जाळतो हे कळते, म्हणून त्याचे वय काढता येते. एका जुन्या ताऱ्याला खगोलशास्त्रज्ञांनी गमतीने मथुशलहाचे नाव दिले आहे. २०१३ साली त्याचे वय १,४५० कोटींच्या जवळ निघाले आणि पुन्हा मुलगा बापापेक्षा मोठा अशी ओरड झाली. पण त्या मापात ८० कोटींची सूट धरलेली होती, हे मथळ्यांत आले नाही. नंतरच्या मोजण्यांत ते विश्वाच्या वयाच्या आत आले.

खरा, न सुटलेला वाद वेगळाच आहे. विश्व किती वेगाने पसरते याची दोन उत्तरे मिळतात. ऊबेच्या नकाशावरून सुमारे ६७, आणि सेफीड व स्फोट पावणारे तारे यांच्यावरून सुमारे ७३. म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर. दोन्ही मोजण्या काळजीपूर्वक झालेल्या आहेत. त्यांची आपसात गाठ पडत नाही. ७३ खरे आणि बाकी हिशेब आजचाच ठेवला, तर विश्व सुमारे शंभर कोटी वर्षांनी तरुण ठरते. कदाचित मोजणीत कुठे बाडेंच्या वेळेसारखी चूक असेल, कदाचित हिशेबाची पद्धतच बदलावी लागेल. २०२२ पासून जेम्स वेब दुर्बिणीने फार दूरच्या, म्हणजेच फार जुन्या काळातल्या आकाशगंगा दाखवल्या, आणि त्या अपेक्षेपेक्षा ठळक व मोठ्या निघाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जाहीर केलेली 'अलकनंदा' आकाशगंगा त्यांपैकीच. विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असताना तिचे सर्पिल हात नीट तयार झालेले होते. इतक्या लवकर कसे, हा प्रश्न उघडा आहे. कॅनडातील राजेंद्र गुप्ता यांनी तर २०२३ मध्ये विश्व २,६७० कोटी वर्षांचे असावे असे मांडले. ते फारसे कोणाला पटलेले नाही.

कोटा थराचा वाद आठवा. इथेही तोच प्रकार आहे. शास्त्रज्ञ १,२८० की १,३८० यावर भांडतात. मोबाईलवरचा माणूस त्या भांडणाचा आधार घेऊन सहा हजार सांगतो, तेव्हा तो त्या भांडणातल्या एकाही पक्षाचे बोलत नसतो.

राहिले सहा हजार. हा आकडा बायबलमध्ये कुठेही लिहिलेला नाही. वंशावळींतली वर्षे जोडून तो काढला गेला. आयर्लंडचे अँग्लिकन महागुरू जेम्स अशर यांनी १६५० साली केलेला हिशेब सर्वात गाजला. त्यांनी सृष्टीची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये धरली. त्यांच्या काळी हाताशी असलेल्या साधनांनी केलेले ते मेहनतीचे काम होते, चेष्टेचा विषय नाही. पण कॅथलिक ख्रिस्तसभेने तो आकडा श्रद्धेचा भाग म्हणून कधी शिकवलेला नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली, हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनी दुर्बिणीच्या बाराशे वर्षे आधी विचारला होता, आणि ते दिवस आपल्या दिवसांसारखे मानू नयेत असे त्यांचे मत होते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही विश्वाच्या वयाच्या अभ्यासाबद्दल कौतुकच आहे. तेव्हा पालकांना एक विनंती. मुलाने हा प्रश्न विचारला तर गप्प बसवू नका, आणि "शाळेत ते लिही, इथे हे मान" असेही सांगू नका. दोन तोंडांनी बोलायला आपणच शिकवले असे होईल. उत्तर येत नसेल तर मुलाला घेऊन वर्गात या, आम्ही सोबत शोधू.

ज्यांना देवयानी प्रत्यक्ष पाहायची आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्री आठच्या सुमारास गावातल्या दिव्यांपासून जरा दूर, मोकळ्या जागी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे दिसतील. ती शर्मिष्ठा. एमची दोन टोके असतात, त्यांपैकी जे जास्त टोकदार आहे ते वर ज्या दिशेला बोट दाखवते तिकडे नजर न्या. धुरकट, लांबट ठिपका दिसला तर ती देवयानी. आजच्या मोजणीप्रमाणे ती २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे डोळ्यांत शिरणारा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. डोळे काळोखाला सरावायला पंधरा-वीस मिनिटे द्या, तोवर मोबाईल खिशात ठेवा. अमावस्येच्या आसपासचा आठवडा निवडा, चंद्र असेल तर ती दिसणार नाही.